विरोधात एकच नाव

योगीराज बिराजदार सरांना जिल्हा परिषदेची निवडणूक लढवायची नव्हती. त्यांना फक्त कॉलेजात वादविवाद स्पर्धा घ्यायची होती. या दोन गोष्टींत किती कमी अंतर आहे, हे उमरग्यात चौदा वर्षं राज्यशास्त्र शिकवूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि पुढं त्यांना वाईट वाटलं ते याचंच जास्त.

स्पर्धेमागचा सरांचा हेतू शुद्ध होता. म्हणजे निम्मा शुद्ध होता. उरलेला निम्मा असा, की कॉलेजात उपप्राचार्याची जागा रिकामी होणार होती आणि ज्याच्या नावावर उपक्रम जास्त त्याचा विचार आधी होणार, अशी स्टाफरूममध्ये कुजबुज होती. सरांच्या नावावर आजवर एक वृक्षारोपण होतं आणि त्यातली झाडं दुसऱ्याच आठवड्यात शेळ्यांनी खाल्ली होती. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना विचार करायला लावतील अशा ज्वलंत विषयांची यादी केली आणि प्राचार्यांपुढं ठेवली.

प्राचार्य कुठलीही यादी वाचताना हातात लाल पेन धरतात. पहिला विषय हुंडाबंदी कायद्याचा होता. "चांगला आहे," ते म्हणाले, "पण स्टाफपैकी तिघांच्या घरी यंदा कार्य आहे." पेन चाललं. आरक्षणाचा विषय वाचून ते उठले, दार लावलं, परत येऊन बसले आणि हलक्या आवाजात नको म्हणाले. उसानं जमिनीतलं पाणी आटतं का, हा विषय संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब एका साखर कारखान्याचे संचालक असल्यामुळं जागीच आटला. जिल्ह्याचं नाव बदलल्यानं काय साधलं, यावर प्राचार्यांनी टेबलावरचं लेटरहेड आणि शिक्का असं दोन्ही पुढं सरकवलं. लेटरहेडवर नवं नाव होतं, शिक्क्यावर जुनं. "दोन्ही बाजू आपल्या ऑफिसात सुखानं नांदतायत," ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्यांच्यात पडता?" मिरवणुकीतल्या डीजेवर बंदी घालावी का, हे तर विचारायलाच नको होतं, कारण क्रीडाशिक्षकांच्या मेहुण्याचा डीजे आहे. समाजमाध्यमं शाप की वरदान, हा विषय निरुपद्रवी खरा, पण तो अकरा वर्षं चालू आहे आणि पोरांना दोन्ही बाजू तोंडपाठ झाल्या आहेत.

यादीच्या तळाशी एकच विषय उरला. 'गावच्या निवडणुका बिनविरोध व्हाव्यात.' तो वाचून प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं.

आण्णासाहेबांच्या तळेवाडीत पंचवीस वर्षं ग्रामपंचायतीसाठी मतदान झालेलं नाही. चार लोक देवळात बसतात, नावं ठरतात, आणि कुणी चुकून जास्तीचा अर्ज भरलाच तर शाल, श्रीफळ घेऊन त्याच्या घरी जातात आणि तो अर्ज मोठ्या सन्मानानं मागं घ्यायला लावतात. गावच्या वेशीवर 'आदर्श बिनविरोध ग्राम' अशी कमान आहे. "यापेक्षा सुरक्षित विषय नाही," प्राचार्य म्हणाले. "याच्या विरोधात बोलणार कोण?" हा विषयाचा गुण झाला की दोष, हे सरांना स्कूटर सुरू होईपर्यंत उमगलं नाही.

नावं आली. अनुकूल बाजूनं अकरा, प्रतिकूल बाजूनं एक. ते एक नाव बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या श्रावस्ती सोनकांबळेचं होतं. श्रावस्ती पहिल्या बाकावर बसायची आणि घंटा झाल्यावर प्रश्न विचारायची, त्यामुळं सर तिला ओळखून होते. तिचे वडील एसटीत कंडक्टर आणि गाव, दुसरं कुठलं असणार, तळेवाडी.

"तुझ्याच गावचा विषय आहे, कल्पना आहे ना?" सरांनी विचारलं.

"म्हणूनच नाव दिलं, सर. आमच्या गावात यावर कुणी बोलतच नाही. इथं तरी बोलता येईल. तुम्ही मध्येच रद्द नाही ना करणार?"

"मी कशाला रद्द करू?" सर म्हणाले. हा शब्द त्यांनी अगदी सहज दिला, कारण तो पाळायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सरांच्या शेजारी कोंडीराम काका राहतात. ते निवृत्त तलाठी आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ल्यांचा सज्जा सांभाळला आहे. सर पायरीवर बूट काढत होते तेवढ्यात कुंपणापलीकडून काकांनी विचारलं, "सर, स्पर्धेची परवानगी काढलाव का?"

"कॉलेजच्या हॉलमध्ये आहे, काका. परवानगी कसली?"

"आचारसंहिता हाय. जिल्हा परिषदेची निवडणूक लागलीय. तुमचा इषय काय, निवडणूक. अध्यक्ष कोण, आण्णासाहेब. त्यांची सूनबाई शिवांजलीताई कुठं उभी हाय, आपल्याच गटात. उद्या कुणी तक्रारीचा अर्ज केला तर तुमची नोकरी जाईल. म्या सांगायचं काम केलं." काका आत गेले. त्यांच्या सल्ल्याची हीच रीत आहे, तो देऊन ते चहाला जातात आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

दुसऱ्या दिवशी सर तहसीलला गेले. तिथं निवडणुकीसाठी एक खिडकी उघडली होती आणि खिडकीत चन्नबसप्पा नावाचे कारकून संगणकापुढं बसले होते. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी सरांना खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि मान हलवली. "सभा म्हणा, रॅली म्हणा, कोपरा सभा म्हणा. वादविवाद स्पर्धा असं यात न्हाय."

"मग सभा म्हणा."

"पक्ष?"

"पक्ष नाही. कॉलेज आहे."

"कॉलेज यादीत न्हाय, सर."

"मग ती जागा मोकळी सोडा."

चन्नबसप्पांनी मोकळी सोडली. संगणकानं लाल अक्षरं दाखवली. "इल्ला सर, घेत न्हाय," ते हळहळत म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ यादी वरखाली केली आणि त्यांना उपाय सापडला. "अपक्ष टाकू का? अपक्ष म्हणजे कुठल्याच पक्षाचा न्हाय. तुमी कुठल्या पक्षाचे हाव का?"

"नाही."

"मग खोटं काय त्यात?"

सरांनी मान डोलावली. राज्यशास्त्राच्या दृष्टीनंही ते बरोबरच होतं. पाच मिनिटांत परवानगीचा कागद बाहेर आला. त्यावर लिहिलं होतं : उमेदवाराचे नाव, योगीराज बिराजदार. पक्ष, अपक्ष. चिन्ह, मिळावयाचे आहे. नियमाप्रमाणं एक प्रत सरांच्या हाती आली आणि एक फलकावर लागली. सर कागद घडी करून खिशात ठेवत होते, तोवर फलकावरच्या प्रतीचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला होता.

ते घरी पोचले तेव्हा राजेश्वरीबाई तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या. बैठकीत सहा माणसं बसली होती. त्यातली चार सरांच्या ओळखीची नव्हती. "तुम्ही उभं राहताय हे मला दळणाच्या रांगेत कळावं?" बाईंनी आतून विचारलं. सरांनी खुलासा केला. खुलासा ऐकून सहाही माणसं समजूतदारपणे हसली. त्यातला एक जण म्हणाला, "आस्तं सर, शेवटच्या दिवसापर्यंत असंच म्हणायचं आस्तं." अर्ज भरायला तीन दिवस उरले होते.

खरं तर सरांनी इथं हसून विषय सोडायला हवा होता. पण कोंडीराम काका आले आणि बोटांवर मोजत म्हणाले, "तुमाला दोनशे पडतील. फार तर सव्वादोनशे. पण कुणाची कापतील, ते म्हत्त्वाचं."

"दोनशे?" सर म्हणाले. उभं राहायचं नव्हतं हे खरं, पण चौदा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं किती, पोरांचे आईबाप किती, याचा काही विचार आहे की नाही? त्यांच्या मते पडायलाच आलं तरी दोन हजारांच्या खाली पडण्याचं कारण नव्हतं. ते काकांशी या आकड्यावर पाऊण तास भांडले. बाहेर उभ्या असलेल्या माणसांना त्यातून जो अर्थ घ्यायचा तो त्यांनी घेतला, आणि संध्याकाळपर्यंत बिराजदार सर मागं हटत नाहीत ही बातमी तळेवाडीत पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पांढरी गाडी थांबली. आण्णासाहेब स्वतः आले होते. बरोबर चौघं जण, आणि त्यातल्या एकाच्या हातात ताट, त्यावर शाल आणि नारळ. सरांनी ताट ओळखलं. चौदा वर्षं ज्या प्रथेवर ते वर्गात टिपणं देत आले, ती प्रथा चप्पल काढून त्यांच्या बैठकीत येऊन बसली होती.

"सर, तुमी शिकलेली माणसं," आण्णासाहेब म्हणाले. आवाज मऊ होता. "वाद कशाला घालायचा?"

"साहेब, मी अर्जच भरलेला नाही."

"भरला न्हाय, ते मोठेपण तुमचं."

"भरणारही नाही."

"मग तर बसलाच विषय." आण्णासाहेबांनी खूण केली आणि सरांच्या खांद्यावर शाल पडली. न लढवलेल्या निवडणुकीतून न भरलेला अर्ज सरांनी अशा रीतीनं मागं घेतला. फोटो निघाले. सरांनी विरोध करायचा प्रयत्न केला, पण फोटोत तो प्रयत्न नम्रपणासारखा आलाय.

"आता आमी काय करावं, ते सांगा," आण्णासाहेब पुढं म्हणाले. अशा वेळी माघार घेणाऱ्यानं काहीतरी मागायचं असतं, ही रीत आहे. सर गप्प राहिले. आण्णासाहेबांनी त्यांच्या गप्प राहण्याचा आदर केला आणि स्वतःच म्हणाले, "उपप्राचार्याचं आमच्या डोक्यात हायच. स्पर्धा घ्या. थाटात घ्या. पण इरोधात एकच पोरगी हाय म्हणं. एकटीपायी वाद कशाला? आमच्याच गावची लेक. तिला समजून सांगा, नाव मागं घे म्हणावं. बाकीचे अकरा बोलू द्यात की गोडीगुलाबीनं." आणि जाताना ते दुसरं ताट ठेवून गेले. त्यावर साडी, खण आणि नारळ होता. हे पोरीच्या घरी द्यायचं होतं.

सरांनी हे ताट तिथल्या तिथं परत करायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. सरांनाही तसंच वाटत होतं. पण 'उपप्राचार्य' हा शब्द बैठकीत पडून होता आणि राजेश्वरीबाईंनी तो आतून ऐकला होता. दरवाजावर पाटी, वेगळी खोली, खोलीत पंखा. एका विद्यार्थिनीचं सात मिनिटांचं भाषण. ती पुढच्या वर्षीही बोलू शकते, तेव्हा विषयही दुसरा असेल, असं सरांनी स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते स्कूटरला पिशवी बांधत होते.

तळेवाडीत कमानीखालून जाऊन डावीकडं वळलं की सोनकांबळ्यांचं घर. कंडक्टरसाहेब ड्यूटीवर होते. अंगणात श्रावस्तीची आजी पुतळाबाई तुरी पाखडत बसली होती. तिनं जयभीम केला, नातीला हाक मारली आणि सरांना बसायला खाट टाकली. सरांनी पिशवी खाटेखाली सरकवली, पण नारळाचं शेंडीकडचं टोक बाहेर राहिलं.

पुतळाबाईनं त्याकडं पाहिलं. "आण्णासाहेबांनी दिलं व्हय?"

सरांनी पायानं पिशवी आणखी आत सरकवली.

"म्या ओळखते. मला बी दिलं व्हतं. आमच्या वार्डाची जागा राखीव पडली व्हती तवा म्या अर्ज भरला. धाजण आले. लई मानानं आले. ह्या वट्यावर बसले, च्या बी पिले. त्येच्या आदी कधी पिले न्हवते आन् मागून बी कधी पिले न्हाईत." सूप एकसारखं हलत होतं. "लुगडं चांगलं व्हतं. नेसले न्हाय कधी. नेसावं आन् बाया म्हनाव्यात, हेच का ते." मग तिनं सहज विचारलं, "तुमाला काय दिलं?"

"शाल," सर म्हणाले. उपप्राचार्यपदाचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांना इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती, आणि ती लपवायला हातात चहाचा कपही नव्हता.

श्रावस्ती दारात येऊन उभी होती. तिच्या हातात भाषणाचे कागद होते. "सर, मी नाव मागं घ्यायचंय का?"

प्रश्न साधा होता आणि त्याला हो किंवा नाही एवढीच दोन उत्तरं होती. पण सरांना उभ्या हयातीत सरळ नाही म्हणायची सवय नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नाव मागं घ्यायची मुदत काल पाच वाजता संपली," ते म्हणाले. "आता काही करता येत नाही."

असा नियम कुठंच नव्हता. सरांनी तो त्या खाटेवर बसल्या जागी केला. पण परतताना वेशीपाशी थांबून त्यांनी आण्णासाहेबांना फोन लावला आणि तोच नियम सांगितला, तेव्हा तो तिकडंही लागू पडला. आण्णासाहेबांचा सगळा जन्म अर्ज भरण्याच्या आणि मागं घेण्याच्या मुदतींत गेला होता. मुदत संपली म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालेना. "आधी सांगायचं की, सर," एवढंच ते म्हणाले. साडीची पिशवी सरांनी त्यांच्या वाड्यावरच्या माणसाकडं परत दिली. शाल मात्र राजेश्वरीबाईंनी कपाटात घडी घालून ठेवली होती, ती नंतर परत करायचं राहूनच गेलं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला. निम्मे लोक अपक्ष उमेदवाराला बघायला आले होते. अध्यक्षस्थानी आण्णासाहेब, त्यांच्या शेजारी प्राचार्य, आणि गुणपत्रक हातात धरून कडेला सर. अकरा मुलांनी बिनविरोध निवडणुकीचे फायदे सांगितले. शांतता, बंधुभाव, विकास. सातव्यापर्यंत आण्णासाहेबांना डुलकी लागली होती. अनुकूल बाजूनं सर्वांत चांगला बोलला तो रणधीर नावाचा पोरगा. त्यानं निवडणुकीत दोन भाऊ कसे कायमचे तुटले ते सांगितलं, आणि ते त्याच्याच घरातलं असावं, कारण सांगताना त्याचा आवाज हलला.

मग श्रावस्ती उठली. आण्णासाहेब जागे झाले. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही, कुणावर आरोप केला नाही. देवळात बैठक कशी बसते, सतरंजीवर कोण बसतं, पायरीवर कोण उभं राहतं आणि बाहेर कोण थांबतं, तेवढं तिनं सांगितलं. सगळे हो म्हणाले असं जेव्हा लिहिलं जातं तेव्हा विचारलं किती जणांना, एवढंच तिनं विचारलं. सात मिनिटं झाली, घंटा वाजली, ती जाऊन बसली. मागच्या रांगेत पुतळाबाई होती. नातीनं बोललेलं तिला कितपत ऐकू आलं कोण जाणे, पण ती एकटक बघत होती.

कॉलेजच्या परिपत्रकानुसार दोन्ही बाजूंना वेगवेगळं पहिलं बक्षीस होतं. रणधीरचं झालं. मग आण्णासाहेबांनी माईक स्वतःकडं घेतला. पंचवीस वर्षांचा सराव होता, त्यांना चटकन सुचलं. "प्रतिकूल बाजूनं एकच अर्ज आला हाय," ते हसत म्हणाले. "तवा कुमारी श्रावस्ती सोनकांबळे यांना बिनविरोध विजयी घोषित करतो." हॉलमध्ये मोठा हशा झाला. प्राचार्यही हसले. सरांनाही क्षणभर वाटलं, चला, सगळ्यांचं भागलं, पोरगी बोलली, साहेब खूश, स्पर्धा पार पडली.

श्रावस्ती व्यासपीठावर आली, पण तिनं बक्षिसाच्या ढालीला हात लावला नाही. "साहेब, असं नको," ती म्हणाली. "माझे गुण त्या अकरा जणांबरोबर लावा. जास्त असले तरच द्या."

हशा थांबला. आण्णासाहेबांनी प्राचार्यांकडं पाहिलं, प्राचार्यांनी सरांकडं. तशी तरतूद नाही, असं सरांना म्हणता आलं असतं, आणि हा नियम तर खरोखरच परिपत्रकात होता. सर उठले. त्यांनी चष्मा लावला आणि गुणपत्रक वरून खाली, बाराही नावं, दोन्ही बाजू एकत्र करून वाचून दाखवलं. रणधीर शंभरपैकी एक्क्याऐंशी. श्रावस्ती साडेएकोणऐंशी. बाकीचे त्याखाली. ऐकून श्रावस्तीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रणधीरला काय करावं कळेना, म्हणून त्यानंही वाजवल्या. ढाल टेबलावरच राहिली.

पुढच्या महिन्यात उपप्राचार्याची पाटी क्रीडाशिक्षकांच्या दारावर लागली, आणि त्या पदासाठी दुसऱ्या कुणाचं नाव आलंच नव्हतं असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. राजेश्वरीबाई सरांशी आठ दिवस कामापुरतंच बोलत होत्या. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी हॉल रिकामा होत होता, सर सतरंज्या मोजून घेत होते आणि पुतळाबाई भिंतीला हात लावत लावत त्यांच्यापाशी आली.

"पडली व्हय आमची?" तिनं विचारलं.

"दुसरी आली, मावशी."

"म्हंजे पडली. कितीनं?"

"दीड गुणानं."

"दीडच?" म्हातारी सतरंजीच्या ढिगावर टेकली. हा आकडा तिनं मनातल्या मनात दोन-तीनदा म्हटला असावा, कारण तिचे ओठ हलत होते. चेहरा असा, की कुणी तिला घरचं मंगलकार्य ठरल्याचं सांगितलंय. "लई जवळ आली की, सर," ती म्हणाली. "माझं तर कुणी मोजलंच न्हवतं."